‘ए’ अक्षराची दुखणी

दानम्मा सिस्टरला वॉर्डातल्या त्या कॉम्प्युटरची किळस यायची. राग येतो आणि जातो, किळस मात्र घर करून राहते. तीस वर्षं तिनं लोकांची उलटी, पू, रक्त, नको नको ते हातांनी उपसलं, पण म्हणून तिचा डबा कधी परत गेला नाही. आता मात्र नर्सिंग स्टेशनवरच्या त्या पडद्यासमोरून उठली की ती बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. पोरी हसायच्या. हसेनात का.

झालं होतं असं. सोलापुरातल्या त्या हॉस्पिटलला दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि त्यासाठी बाहेरून तपासणीची माणसं यायची होती. सर्टिफिकेट हवं तर प्रत्येक रुग्णाचं नर्सिंग डायग्नोसिस लिहिलेलं पाहिजे. डॉक्टर लिहितात ते रोगाचं नाव. हे त्याहून वेगळं, नर्सनं स्वतः करायचं निदान. त्याचे शब्दही आपल्या मनाचे चालत नाहीत, आधीच ठरवून छापलेत तेच वापरायचे. त्यांची भली लांबलचक यादी कॉम्प्युटरात भरली होती. दर पाळीला, दर रुग्णामागं यादीतली तीन निदानं निवडायची. पाळी संपायच्या आत निवडली नाहीत की रुग्णाचं नाव लाल व्हायचं, आणि दर्जा विभागाच्या प्रमुख वैदेही मॅडम यांच्या मोबाइलवर घंटी वाजायची.

यादी लागायची इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात चोवीस खाटा आणि पाळीला दोन सिस्टर. चोवीस त्रिक बहात्तर निदानं. सलाइन बदला, गोळ्या वाटा, नातेवाइकांच्या शिव्या खा, बेडपॅन द्या, आणि त्यातून उरलेल्या जिवानं बहात्तर निदानं करा. यादीत खाली उतरायला वेळ कुणाच्या बापाला होता? उघडल्या उघडल्या वर जी तीन दिसतील त्यांवर टिचकी मारायची आणि मोकळं व्हायचं. श्रम न झेपणं, तीव्र वेदना आणि चिंता, तिन्ही इंग्रजीत ‘ए’वरून सुरू होणारी. बघता बघता अख्खा वॉर्ड ‘ए’ अक्षरानं आजारी पडला. कावीळ असो, न्यूमोनिया असो, साप चावलेला असो, माणूस दमलेला, दुखत असलेला आणि चिंतेत. कुणाचं पोट चार दिवस साफ झालेलं नसायचं, पण ते पडलं ‘सी’मध्ये, म्हणजे ते नव्हतंच. ‘यू’ अक्षरापर्यंत तर कुणी उतरलंच नव्हतं. तिकडं खाली काय ठेवलंय हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

निवड केली की पुढचं सगळं आपोआप यायचं. उपाय आपोआप, आणि परिणामाच्या रकान्यात इंग्रजीत एक तयार वाक्य: बरं वाटत असल्याचं रुग्णानं तोंडी सांगितलं. हे वाक्य दानम्माचं होतं. तिची खरी किळस तिथून सुरू व्हायची.

बारा वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आठवडाभराचं शिबिर घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, रोग कोणता ते डॉक्टर सांगतील; त्या रोगानं ह्या माणसाचं काय काय हिसकावून घेतलं ते तुम्ही सांगायचं, कारण ते दुसरं कोणी बघत नाही. दानम्मा अक्कलकोटकडच्या खेड्यातली, घरात कन्नड, शाळेत मराठी, नर्सिंगला इंग्रजी, आणि नोकरीभर ‘सिस्टर, हे धर, ते आण’ ऐकलेली. आपण जे रोज डोळ्यांनी टिपतो त्यालाही निदान म्हणतात, त्याला नाव असतं, हे ऐकून ती घरी गेली ती जमिनीवर पाय न टेकता. तिनं वही घातली. दम्याचा एक म्हातारा झोपायचाच नाही. त्याला धापेपेक्षा जास्त भीती होती ती धाप लागल्यावर हाक ऐकायला कोणी नसेल ह्याची. दानम्मानं वहीत तसं निदान लिहिलं आणि त्याची खाट स्टेशनासमोर ओढली. म्हातारा गाढ झोपला, आणि उठल्यावर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या तोंडानं म्हणाला. तेच तिनं लिहून ठेवलं.

मेट्रनला वही आवडली. नमुना म्हणून दे, पोरी बघून लिहितील, म्हणाली. दानम्मानं हौसेनं दिला. नमुन्याचा झेरॉक्स झाला, झेरॉक्सचा झेरॉक्स झाला आणि शेवटी तो कॉम्प्युटरात जाऊन बसला. म्हातारा केव्हाच देवाघरी गेला, त्याच्या तोंडचं वाक्य मात्र प्रत्येकाच्या तोंडी घातलं जाऊ लागलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथं दळणारीला दिसत होतं, हीच तिची पंचाईत.

अशातच अकरा नंबरच्या खाटेवर जोतिराम आला.

जोतिराम करमाळ्याचा, बाजार समितीत आडत्याकडं मालाचा लिलाव पुकारणारा. साठी ओलांडलेला, हाडापेरानं दणकट. त्याची बायको केराबाई सांगायची की मालकांचा आवाज पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत जायचा. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्याबरोबर बोलणंही गेलं. कळत होतं सगळं, पण ओठांतून ‘अं’च्या पुढं काही निघत नव्हतं. डाव्या मनगटात तांब्याचं कडं होतं, ते तो खाटेच्या कठड्यावर वाजवून बायकोला बोलवायचा. केराबाई दिवसभर स्टुलावर बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं येईलही, नाहीही, पहिले दिवस महत्त्वाचे. त्या ‘येईलही’वर बाई तग धरून होती. मुलगा कुंडलिक टेंभुर्णीला हायवेवर ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, तो एक दिवसाआड यायचा.

केराबाईच्या मनात एक काटा होता आणि तो तिनं दानम्माला एकदा दाखवला होता. झटका आला त्या सकाळी मालकांचं तोंड वाकडं झालेलं तिनं पाहिलं, पण उन्हाचा त्रास असेल म्हणून कांदा हुंगवला, अंगारा लावला आणि निजवलं. गाडी केली ती दुपार कलल्यावर. दानम्मानं तिला सांगितलं की कुणाच्याही हातून असं होतं. ह्यापलीकडं सांगण्यासारखं खरं काही नव्हतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी जोतिरामची लघवीची नळी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दानम्मा ड्यूटीवर आली तेव्हा त्याचा डावा हात सुजला होता आणि कडं मनगटात रुतलं होतं. तिनं चादर बाजूला केली. ओटीपोट नगाऱ्यासारखं टम्म झालं होतं. तिनं नुसता हात ठेवला आणि त्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. चौदा तास त्याला लघवी झाली नव्हती. ड्यूटीवरच्या डॉक्टरला बोलावून पुन्हा नळी घातली, थांबत थांबत सोडली, तर सव्वा लिटर निघालं. जोतिरामनं डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बघायला लागला.

रात्रपाळीला झीनत होती. कंत्राटावरची, तेवीस वर्षांची, भवानी पेठेतून सायकलवर येणारी, कामाला वाघीण. अकरा नंबर सारखा कठडा वाजवतोय हे तिनं पाहिलं होतं. जवळ जाऊन धीर दिला होता, दिवा मंद केला होता. बाहेर पॅसेजमध्ये निजलेली केराबाई दोनदा दाराशी आली, तेव्हा तिला सांगितलं की बाबा घाबरलेत, परकी जागा आहे. आणि निदान लिहिलं होतं: चिंता. रुग्णानं तोंडी सांगितलं, बरं वाटतंय.

दानम्मानं तिला उभ्या उभ्या सोलायचं ठरवलं होतं. पण झीनत घरी न जाता ड्रेसिंगच्या खोलीत उभी होती, तोंड पांढरंफटक. “सिस्टर, मी यादीत बघितलं,” ती म्हणाली. “वरतीच चिंता होतं. ते बसतंय असं वाटलं, मग पुढं मी त्याला चिंता म्हणूनच बघितलं.” एवढं खरं बोलणाऱ्या पोरीला काय सोलणार? दानम्मानं तिला चहा प्यायला पाठवलं.

मग ती स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली आणि यादीत पार खाली उतरली. ‘यू’मध्ये होतं की. लघवी तुंबणं. नीट, स्पष्ट, ठरलेल्या शब्दांत. पुण्याच्या बाईंनी काही खोटं शिकवलं नव्हतं. कुणीतरी विचार करून ते तिथं ठेवलं होतं आणि ह्यांनी तिथवर माऊस नेला नव्हता. तिनं ते निवडलं आणि खाली हातानं टाइप केलं की रुग्णाला बोलता येत नाही, तो कठडा वाजवून सांगत होता, चौदा तास कुणी पोट तपासलं नाही.

तासाभरात वैदेही मॅडमनी वर बोलावलं. मॅडम कधी आवाज चढवत नसत. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की तपासणी परवावर आली आहे. ही नोंद राहिली तर चौकशी लागणार. रुग्णाला आता आराम आहे ना, नळी परत घातली आहे ना, मग कागद कशाला पेटवायचा? दानम्मा म्हणाली, तोच कागद बघून उद्याची सिस्टर पोटाला हात लावेल. मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला.

“सिस्टर, चौकशी कुणाची होईल माहीत आहे ना? माझी नाही, तुमचीही नाही. झीनतचं कंत्राट आहे. तुम्ही सांगा, मी करते.”

म्हणजे सुरी आपल्याच हातात द्यायची आणि वर सांगायचं की तुमची इच्छा. दानम्माला वाटलं, टेबलावरचा तो पाण्याचा ग्लास बाईच्या इस्त्रीच्या साडीवर ओतावा. तिनं ओतला नाही. पाणी पिऊन ती खाली आली आणि तिनं नोंद मागं घेतली. पडद्यावर पुन्हा आपोआप जुनं वाक्य येऊन बसलं. त्या दिवशी तिनं तीनदा हात धुतले, आणि घरी आंबील भुरकतानाही बोटांचा वास येतोय असं तिला वाटत राहिलं. झीनतची नोकरी वाचवली, असं ती स्वतःला बजावत होती. ते खरंही होतं. पण खऱ्या कारणानंसुद्धा माणूस घाण करू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

तपासणी झकास झाली. दोन गृहस्थ आणि एक बाई आल्या. वॉर्डात चाळीस मिनिटं होते, त्यातली अडतीस कॉम्प्युटरसमोर. बाईंनी अकरा नंबरची फाइल उघडली, खाटेकडं पाठ करून. सगळ्या नोंदी वेळेत आहेत, भाषेत एकसूत्रीपणा आहे, म्हणाल्या. जोतिराम त्यांच्या अंबाड्याकडं बघत होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि वर त्या वाळ्याचंच कौतुक. मॅडमनी संध्याकाळी सगळ्यांना पेढे वाटले. दानम्मानं आपला पेढा झाडूवालीला दिला.

दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, कुंडलिक आला. सरकारी योजनेसाठी फाइलच्या झेरॉक्स प्रती लागणार होत्या, त्या त्यानं काढून आणल्या होत्या. वॉर्डाच्या दाराजवळच्या बाकावर बसून तो पानं लावत होता. बारावी झालेला होता, पण ते इंग्रजी त्याला झेपेना. मग त्यानं आताची पोरं करतात तसं केलं: मोबाइल कागदावर धरला. मोबाइलनं कागद वाचला, मराठी केलं आणि बाईच्या आवाजात मोठ्यानं म्हणून दाखवलं, बरे वाटत असल्याचे रुग्णाने तोंडी सांगितले. केराबाई शेजारीच होती. तिनं पोराचा हात धरला आणि परत वाजव म्हणाली. त्यानं परत वाजवलं. पुढच्या पानावरही तेच निघालं, त्याच्या पुढच्याही.

दानम्मा गोळ्यांचा ट्रे लावत होती. केराबाई पदर सावरायचं भान विसरून तिच्यापुढं येऊन उभी राहिली. तोंड असं उजळलं होतं की दानम्माला ती क्षणभर ओळखूच आली नाही.

“सिस्टर, मालक बोलले व्हय? तुमच्याशी बोलले? कागदावर हाय. येकदा न्हाय, रोज.”

दानम्माला नाही म्हणायचं एवढंच काम होतं, दोन अक्षरांचं. पण तीस वर्षांची नर्स ती, तिच्यापाशी हमखास चालणारं उत्तर तयार होतं. “बघते हं मी,” ती म्हणाली आणि ट्रेकडं वळली. नाही म्हटलेलं नाही म्हणजे हो, हे केराबाईनं लगेच धरलं.

ती धावतच खाटेशी गेली. आधी लाडानं म्हणाली की सिस्टरांशी बोलता तर आमाला बी कायतरी सांगा की. जोतिराम बघत राहिला. मग तिनं त्याची हनुवटी धरली, पोराचं नाव घ्या म्हणाली, पाणी म्हणा म्हणाली, नुसतं ‘केरा’ म्हणा म्हणाली. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठल्या आणि ‘अं, अं’ एवढंच निघालं. ती त्याला खेळ वाटत असेल असं समजून हसली, मग हसायची थांबली. वॉर्डातली माणसं उठून बसली होती.

“माझ्यावर राग धरलाय व्हय तुमी?” ती म्हणाली. “येळंवर आनलं न्हाय म्हून? सगळ्यांशी बोलताय आन् माझ्याशीच न्हाय? चुकलं माझं. धा येळा चुकलं. पन असं करू नगा.” आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. जोतिराम डाव्या हातानं तिच्या डोक्याकडं चाचपडत होता, मान इकडून तिकडं हलवत होता आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

दानम्मानं ट्रे खाली ठेवला. आजवर हात धुऊन ती जे धुवायला बघत होती ते हातांवर नव्हतंच, हे तिला दिसलं. ती खाटेपाशी गेली आणि केराबाईला उठवून स्टुलावर बसवलं.

“ते बोललेले नाहीत, केराबाई. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. त्यांचा तुमच्यावर राग नाही, त्यांना बोलताच येत नाही.”

“मग कागद?”

“कागद खोटा आहे. ते वाक्य आपोआप पडतं, ह्या वॉर्डात सगळ्यांच्या नावावर पडतं. मीच लिहून दिलं होतं.” आणि आता थांबलं तर परत जमणार नाही हे कळून तिनं पुढचंही सांगितलं. त्या रात्री त्यांना भीती वाटत नव्हती, लघवी तुंबली होती, चौदा तास. आम्ही बघितलं नाही. मी खरं लिहिलं होतं आणि मीच ते मागं घेतलं.

कुंडलिक उठून उभा राहिला होता, मोबाइल हातात तसाच. तो काय बोलणार ह्याची दानम्मा वाट बघत होती. शिव्या दे, साहेबाकडं चल म्हण, मार. झीनतचं काय होईल हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपण होऊन वर जाऊन ‘वॉर्ड माझा, चूक माझी’ असं लेखी द्यायचं हे तिनं तिथंच ठरवलं. पोरगा आईकडं बघत होता.

केराबाईनं पदरानं नवऱ्याची लाळ पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

चार वाजले. दर दोन तासांनी जोतिरामची कूस बदलायची असायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दानम्मानं सवयीनं त्याच्या खांद्याखाली हात घालायला हात पुढं केला. केराबाईनं तो मनगटाशी धरला, उचलला आणि बाजूला ठेवला. जोरानं नाही, ताटात पडलेला केस काढावा तसा. मग तिनं एकटीनं नवऱ्याला वळवलं, पाठीमागं उशी लावली, टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून पोटरीखाली घडी सरकवली. सगळं बरोबर होतं. दानम्मानंच शिकवलं होतं, आणि सांगण्यासारखी एकही चूक निघत नव्हती, तरी ती तिथंच उभी होती.

“ऱ्हाऊ द्या सिस्टर,” केराबाई मागं न बघता म्हणाली. “ह्यांचं मी बघते. तुमी जावा, लिवा.”